अडीच लुगड्यांचा माणूस

मसाटच्या कारखान्यांमागे जी पत्र्याची लांबलचक चाळ आहे, तिथे केसरबाईला विचारल्याशिवाय कोणी गोधडीला कापड काढत नाही. कोणी काढलंच, तर ती गोधडी पुरी होईपर्यंत रोज येता-जाता केसरबाईचं बोलणं ऐकावं लागतं. त्यापेक्षा आधीच विचारलेलं स्वस्त पडतं, असा अनुभव आहे.

केसरबाई मूळची खानदेशातल्या शिंदखेड्याकडची, अहिराणी बोलणारी. बत्तीस वर्षांपूर्वी तिचा नवरा सुकदेव इथल्या सुताच्या कारखान्यात लागला, तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि दोन गोधड्या घेऊन ती सिल्वासाला आली. पेटी गंजली, गोधड्या विरल्या, कारखान्याने तीनदा नाव बदललं. केसरबाईचं तोंड मात्र आणलं होतं तसंच आहे, त्याला एक टाका घालावा लागलेला नाही.

कापड सांगण्याची तिची पद्धत जगावेगळी. ती खाट मोजत नाही. टेप हा शिंप्यांना जडलेला रोग आहे, असं तिचं स्पष्ट मत. 'मावशी, गोधडीले कितलं कापड लागी?' असं कोणी विचारलं, की तिचा उलटा सवाल ठरलेला: 'कोनले पांघरनी शे?' मग त्या माणसाला उन्हात समोर उभं करायचं, डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघायचं, तो कसा झोपतो ते विचारायचं, आणि निकाल द्यायचा. निकालासोबत त्या माणसाची अब्रूही निघते, पण त्याचे वेगळे पैसे ती घेत नाही.

शेजारच्या मंगलाला तिने भर अंगणात सांगितलं होतं, "तुना नवरा झोपमा गोधडी वढस. दीड वीत जास्ती धर. नहीतं तो दोन घड्यामा आनि तू उघडी."

हे तिला कसं कळलं, हे विचारायची मंगलाला छाती झाली नाही. दीड वीत जास्त धरली आणि खरोखरच पुरली.

तिची एक रीत होती, ती आईकडून आलेली. गोधडीच्या तीन बाजू शिवायच्या आणि चौथी उघडी ठेवायची. मग जो पांघरणार त्याला चटईवर निजवायचं, गोधडी अंगावर टाकायची, दोन्हीकडून अंगाखाली खोचायची. खोचून चार बोटं कापड उरलं की गोधडी बरोबर, मग चौथी बाजू शिवून टाकायची. चाराच्या वर उरलं तर कापड सांगणारीची नजर चुकली. बत्तीस वर्षांत चाराचं पाच झालेलं नाही, हे केसरबाई स्वतः सांगते. लहान पोरं ती हिशोबात धरत नाही. ती वाढतात आणि चांगल्या बाईचं नाव खराब करतात.

असं सगळं सुरळीत चाललं असताना गौरी मॅडम आल्या.

गौरी मॅडम राजापूरकडच्या. इथल्या सरकारी शाळेत गणित शिकवतात आणि रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचा गोधडीचा वर्ग घेतात. गोधडी त्या मोबाइलवर बघून शिकल्या. ज्या कामाला केसरबाईला चाळीस वर्षं लागली, ते मॅडमना चाळीस मिनिटांत आलं. शिक्षणाचा फायदा असतो तो असा. मंगला आणि चाळीतल्या आणखी चार जणी त्या वर्गाला जायला लागल्या, आणि एका रविवारी काय थेरं चालतात ते बघावं म्हणून केसरबाईही जाऊन मागच्या बाकावर बसली.

मॅडमनी फळ्यावर चौकोन काढला. लांबी, रुंदी, दोन्ही बाजूंचं कापड, आतले थर, शिवणीत जाणारं, धुतल्यावर आटणारं, वर दहा टक्के जास्तीचं. सगळं व्यवस्थित मांडून त्यांनी खाली उत्तर लिहिलं आणि त्याला दुहेरी रेघ मारली.

"मॅडम," मागून आवाज आला, "तुमना हिशोबमा मानूस कोठे शे?"

"मावशी, माणूस सरासरी धरलाय," मॅडम हसून म्हणाल्या.

"आस्सं. मी तं बाई सरासरी नावना मानूस गोधडीखाले झोपेल कधी दखा नही. तुमना राजापूरले ऱ्हात व्हई."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मॅडमही हसल्या, पण गणिताची बाई. फळ्यावरचं उत्तर सोडून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या म्हणाल्या, "मावशी, असं करू. एकच माणूस घेऊ. तुम्ही नजरेने सांगा, मी मोजून सांगते. गोधडी तुम्हीच तुमच्या अंदाजाने शिवा. चार बोटांपेक्षा जास्त उरलं नाही, तर मी हा फळा पुसून तुमच्याकडे शिकायला येते."

"आनि उरनं तं?"

"ते तुम्ही सांगा."

इथे शहाण्या बाईने गप्प बसायला हवं होतं. पण तेवीस बायका वळून बघत असताना गप्प बसणं केसरबाईच्या घराण्यात नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "चार बोटंना वर पाचवं बोट उरनं, तं कापड सांगनं बंद. वही लिसन तुमना पहिला बाकवर बठसू. मरेपर्यंत."

माणूस कोणता घ्यायचा, यावर थोडी चर्चा झाली. मंगलानेच सुचवलं, "सुकदेवकाका घ्या ना. घरचाच माणूस. मावशीला सोपं जाईल."

सोपं म्हणजे काय, केसरबाईला तो अपमान वाटला. पस्तीस वर्षं संसार केलेला नवरा, त्याचं माप काढायला नजर तरी कशाला लागते? हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिने जागेवरूनच सांगून टाकलं: पाच हात लांब, पावणेचार हात रुंद, बाहेरून-आतून मिळून अडीच लुगडी. पाचवारी साडीलाही ती लुगडंच म्हणते. वर्गातल्या एकीने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकली.

सुकदेव म्हणजे अडीच लुगड्यांचाच माणूस. सुताच्या कारखान्यात असताना पेट्या उचलून उचलून त्याची छाती दरवाजाएवढी झाली होती. झोपला की हातपाय चारी दिशांना. अशा माणसाच्या बायकोला गोधडीचं शिक्षण आपोआपच मिळतं. कारखान्यातून सुटल्यावर तीन वर्षांपासून तो गलोंड्याला एका गोदामावर वॉचमन आहे. संध्याकाळी सातला जातो, सकाळी साडेआठला येतो, आल्यावर तोंडावर चादर ओढून झोपतो. त्या वेळी केसरबाई चिंध्यावाल्यांकडे, नाहीतर कोणाच्या अंगणात, कोणाची तरी अब्रू काढायला गेलेली असते. नवरा-बायकोची गाठ पडते ती डबा देताना, तीही डब्याकडे बघत. पण माप काय, माप पाठच होतं.

तिने गाठोडी सोडली. खोलीचा अर्धा भाग गाठोड्यांनीच भरलेला असतो. उरलेल्या अर्ध्यात ती, सुकदेव, मुलगा ललित आणि सून सोनम असा संसार मावतो. ललितच्या लग्नातलं डाळिंबी लुगडं वर, निळं मऊ झालेलं खाली, आणि आत अर्धं, विटकं. कोरं कापड तिने हातात धरलं नाही. कोरं धुतल्यावर आटतं, आणि आटलेल्या कापडाने आजवर फार बायकांची नावं घालवली आहेत. जुनं कापड जे काही आटायचं ते आटून बसलेलं असतं, त्याच्याकडून दगा नाही. दगा कापडच देतं, हे तिचं आयुष्यभराचं ज्ञान.

त्या ज्ञानाचा एक तोटा होता. सुकदेवचा शर्ट खांद्यावरून उतरायला लागला, तेव्हा ती म्हणाली मिलचं कापड, चार धुण्यांत सैल पडतं. पँट कमरेला राहीना, तेव्हा म्हणाली शिंपी चोर आहे. पट्ट्याला त्याने खिळ्याने दोन नवी भोकं पाडली, तेव्हा म्हणाली आजकालचं चामडं ताणतं. कपडे, शिंपी आणि बैल, सगळ्यांवर खटला भरून झाला. त्या कपड्यांच्या आत कोणी आहे, त्याची साक्ष काढायचं काही तिला सुचलं नाही.

सोनम एकदा भीत भीत म्हणाली, "मम्मी, पप्पांना एकदा चेक करून आणू का? किती पाणी पितात ते. ड्यूटीवर दोन-दोन बाटल्या नेतात, आल्यावर परत तांब्या लावतात."

"गलोंड्याले कितली धूळ उडस, माहीत शे का तुले?" केसरबाई दोऱ्याचं टोक दातात धरून म्हणाली. "मानूस पानी पीस. पेवा द्या."

सोनमने विषय सोडला. या घरात विषय सोडायला सून लवकर शिकते.

गुरुवारी केसरबाई दोरा आणायला बाजारात गेली असताना गौरी मॅडम टेप घेऊन चाळीत येऊन गेल्या. मंगलाने सगळी बातमी दिली. मॅडमनी काकांना उभं करून मोजलं. मग परत मोजलं. मग खुर्चीत बसवून तिसऱ्यांदा छातीचं माप घेतलं आणि काकांना हळू आवाजात काहीतरी विचारलं. काकांनी मान हलवली. जाताना मॅडमचा चेहरा उतरलेला होता.

"उतरनारच," केसरबाई म्हणाली. तिला आतून गुदगुल्या होत होत्या. "हिशोब माना बरोबर जुळना व्हई. आते फळा पुसानं वाईट वाटी ऱ्हायनं बिचारीले."

त्या संध्याकाळी सुकदेव डबा घेताना दारात जरा थांबला होता. "ऐक व," असं काहीतरी म्हणाला. तिने हातातला टाका संपवून मान वर केली तोवर तो रस्त्याला लागला होता.

रविवारी दुपारी चार वाजता अंगणात चटई पडली. गौरी मॅडम आल्या, वर्गातल्या बायका आल्या, चाळीतल्या तर होत्याच. मॅडमच्या हातात घडी घातलेला कागद होता. त्यांनी केसरबाईला बाजूला घेऊन म्हटलं, "मावशी, आज राहू दे. आपण दोघीच घरात बसून बोलू या का?"

"काबरं? हारनं समजाई गयं का?"

मॅडम मागे सरल्या. केसरबाईने डाळिंबी गोधडी झटकून सगळ्यांना दाखवली. तीन बाजूंची शिवण अशी बारीक, की वर्गातल्या दोघी जणी पुढे होऊन बोट फिरवून गेल्या. चौथी बाजू रीतीप्रमाणे उघडी होती.

सुकदेव नुकताच झोपेतून उठला होता. तो चादर बाजूला ठेवून आला, चटईवर आडवा झाला, गुडघे पोटाशी घेतले. केसरबाईने गोधडी अंगावर टाकली, एका बाजूने अंगाखाली खोचली, दुसऱ्या बाजूला आली, खोचली, आणि खोचतच राहिली. कापड संपेना. चार बोटं गेली, वीत गेली, हात गेला, तरी कापड हातात होतंच.

"नीट झोपा," ती खेकसली. "हातपाय पसरा. सोंगं करू नका."

"पसरेल शेतस व," सुकदेव गोधडीतून म्हणाला. त्याने पाय लांब केले होते. तरी कुशीखाली आणखी एक हात कापड दुमडून पडलं.

मंगला आधी हसली. मग तिला एकटीलाच आपलं हसणं ऐकू आलं आणि ती थांबली.

केसरबाईने गोधडी वर उचलली. चाळीतल्या प्रत्येक पुरुषाला उन्हात उभं करून बघणारी बाई ती, आणि स्वतःच्या नवऱ्याकडे तिने त्या दिवशी, भर उन्हात, बायकांच्या घोळक्यात, बऱ्याच महिन्यांनी पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. दंड तिच्या मुठीत मावेल एवढा. बनियन कोणा दुसऱ्याचं घातल्यासारखं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. दिवा मोठा म्हणून अंधारही मोठा.

तिने हात पुढे केला आणि मॅडमकडे टेप मागितली. आयुष्यात पहिल्यांदा तिने ती पट्टी हातात धरली. आकडे तिला वाचता येत होते. तिने सुकदेवच्या छातीभोवती ती गुंडाळली, आकडा पाहिला आणि म्हणाली, "कागद वाचा."

"मावशी, नको."

"वाचा म्हनस ना मी."

"पावणेदोन," मॅडम म्हणाल्या. "पावणेदोन साड्या."

पाऊण लुगड्याचा फरक म्हणजे शिवणीत जाणारं कापड नव्हे, आटणारंही नव्हे. तेवढा नवरा घरातून गेला होता आणि तिला पत्ता नव्हता.

केसरबाई चटईवर बसली. तिने लोकांकडे पाहिलं नाही. "मी तुमले दखंच नही," ती सुकदेवला म्हणाली. "बाकीसले दखत बसनू. तुमले दखंच नही."

"तू कामात ऱ्हास," सुकदेव म्हणाला. ते त्याने रागाने म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

गुरुवारी काकांनी मॅडमना सांगितलं होतं, की तब्येतीचं घरात बोलू नका, मीच सांगतो. ते सांगायला ते दारात थांबलेही होते. मॅडमनी हे केसरबाईला दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत सांगितलं. शाळेला अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून त्या सोबत आल्या होत्या. सोनम फाइल धरून उभी होती.

साखर चारशेच्या वर निघाली. वजन सेहेचाळीस किलो. कारखान्याच्या जुन्या कार्डावर बाहत्तर लिहिलेलं होतं.

"कधीपासून वजन उतरतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

सुकदेवने केसरबाईकडे पाहिलं. जिला जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ, ती टेबलावरच्या काचेकडे बघत राहिली.

"गणपतीच्या आधीपासून," सोनम म्हणाली. "तेव्हापासून पाणी पण वाढलं."

डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. इंजेक्शन रोज, जेवण वेळेवर, रात्रीची ड्यूटी बंद. साखर आटोक्यात आली की अंग भरेल. किती दिवसांत, ते मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्यांच्याकडे बहुधा टेप नसावी.

पुढच्या रविवारी केसरबाई वही घेऊन सोसायटीच्या हॉलमध्ये गेली आणि पहिल्या बाकावर बसली. मॅडम संकोचल्या, म्हणाल्या, "मावशी, ते आपण गमतीत बोललो होतो."

"मी कधी गमतमा बोलस का?" तिने विचारलं आणि वही उघडली. लांबी, रुंदी, दहा टक्के जास्तीचं. सगळं उतरवून घेतलं. मधल्या सुट्टीत दोघी जणी सवयीने कापड विचारायला आल्या, त्यांना तिने बोटाने मॅडमकडची वाट दाखवली. शब्द दिला होता, तो पाळला. चाळीत आता महिनाभर कोणाची अब्रू निघालेली नाही आणि लोकांना जरा चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

गोधडी तशीच उघड्या बाजूने पेटीवर घडी करून पडली होती. एक दिवस दुपारी जेवताना सुकदेवनेच विषय काढला. ललितने सुपरवायझरशी बोलून त्याला खडोलीला दिवसाची ड्यूटी मिळवून दिली होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो आता असा जागा, उजेडात, तिच्या समोर बसलेला असायचा. तो म्हणाला, "ती गोधडी कापी टाक ना एक हात. माले जड व्हस. कापड वाया काबरं?"

"कापड बरोबर शे," केसरबाई म्हणाली. "तुम्ही कमी पडनात. भरी निंघा."

"आनि नही भरनू तं?"

एरवी या प्रश्नावर तिच्याकडे निदान तीन तरी उत्तरं असती, तिन्ही झोंबणारी. ती त्याच्याकडे बघत राहिली. हल्ली ती त्याच्याकडे फार बघते, त्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत बघते.

"मंग मी ती कोनवर टाकू?" ती म्हणाली. "सांगा ना. तुमनाच मापनी शे ती. दुसरा कोनले बसनार नही."

ताटात ज्वारीची अर्धी भाकरी राहिली होती, ती सुकदेवने पुढे ओढली आणि खायला लागला.